मूर, डडली

मूर, डडली स्ट्यूअर्ट जॉन : (१९ एप्रिल १९३५ – २७ मार्च २००२). इंग्रज नट, विनोदकार, जॅझ पियानोवादक व संगीतरचनाकार. रंगभूमी, दूरचित्रवाणी व चित्रपट या तिन्ही माध्यमांत त्याने विनोदी नट म्हणून कीर्ती मिळविली. त्याच काळात तो एका जॅझ त्रयीचा प्रमुख वादक होता आणि नाटकांना व चित्रपटांना संगीतही देत होता. नट मूर आणि वादक मूर यांचा विचार वेगवेगळा करण्याचा प्रघात आहे व वादनाला बहुधा छंदाचे स्थान दिले जाते. त्याच्या कारकीर्दीचा क्रम पाहिला, तर हा समज टिकत नाही. त्याला रंगभूमीवर पियानोने आणले आणि त्याच्या विनोदातील कालभानाचे मूळही त्याच्या संगीतशिक्षणातच सापडते.

त्याचा जन्म लंडनमध्ये झाला व बालपण लंडनच्या पूर्वेकडील डॅगनम येथे गेले. दोन महायुद्धांच्या दरम्यान लंडन काउंटी कौन्सिलने बेकंट्री नावाची कामगारांची विस्तीर्ण वसाहत तेथे उभारली होती. मूर कुटुंब याच वसाहतीत राहत असे. वडील मूळचे ग्लासगोचे. ते रेल्वेत विजेची कामे करीत. आई लघुलेखन-टंकलेखनाचे काम करी. डडलीची दोन्ही पावले जन्मतःच आत वळलेली होती. उजवे पाऊल पुढे सुधारले. डावे मात्र वाकडेच राहिले आणि तो पाय गुडघ्याखाली वाळून आखूड राहिला. त्याच्या लहानपणाचा मोठा काळ शस्त्रक्रियांत व रुग्णालयांच्या खाटांवर गेला. प्रौढपणीही त्याची उंची सु. १५८ सेंमी. एवढीच होती. शाळेतील मुलांच्या चेष्टेपासून बचाव करण्यासाठी आपण विदूषकी करू लागलो, असे तो पुढे अनेक मुलाखतींत सांगत असे. हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. चेष्टेला विनोदाने तोंड देणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. मूरच्या बाबतीत त्याच सुमारास संगीताची कसून तालीम सुरू झाली, ही बाब अधिक महत्त्वाची आहे.

बालवयात तो चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागला आणि पियानो शिकू लागला. शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात दर शनिवारी जाऊन व्हायोलिन, ऑर्गन व संगीतशास्त्र यांचे शिक्षण त्याला घेता आले. कुमारवयातच तो लग्नसमारंभांत चर्चचा ऑर्गन वाजवीत असे. पुढे ऑर्गनवादनाचीच शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डच्या मॉड्‌लिन महाविद्यालयात दाखल झाला. ऑर्गनवादनात हातांइतकेच पायांना काम असते. खर्जातील स्वर वादकाला पायांखालच्या लाकडी पट्ट्यांवर टाच आणि चवडा आळीपाळीने टेकवून काढावे लागतात. बाखच्या रचनांत तर एक संपूर्ण स्वतंत्र सुरावट पायांकडे सोपविलेली असते. ज्याचे डावे पाऊल धड वळत नाही, त्याने हेच वाद्य निवडावे आणि त्यावर ऑक्सफर्डला जावे, यातून त्याच्या परिश्रमांची आणि हट्टाची कल्पना येते. १९५८ पर्यंत त्याने तेथे संगीतातील दोन पदव्या संपादन केल्या. श्रीमंत घरांतील, सफाईदार उच्चारांच्या सहाध्यायांत डॅगनमचा हा मुलगा बुजून असे. तो बुजरेपणा पियानोपुढे बसल्यावर नाहीसा होई, असे त्याने स्वतःच सांगितले आहे.

ऑक्सफर्डमध्येच तो जॅझकडे वळला. एरल गार्नर व ऑस्कर पीटरसन हे त्याचे आदर्श होते आणि त्यांतही गार्नरचा ठसा त्याच्या वादनावर अखेरपर्यंत राहिला. गार्नरच्या वादनशैलीचे रहस्य दोन हातांच्या लयीतील फरकात आहे. त्याचा डावा हात, गिटारच्या तारा छेडाव्यात तसा, प्रत्येक मात्रेवर स्वरमेळ देत राहतो. उजवा हात सुरावट मात्रेच्या किंचित मागे रेंगाळत ठेवतो. श्रोत्याला ती मागे पडते की काय असे वाटत असतानाच ती नेमक्या जागी येऊन मिळते. जॅझमध्ये ज्याला ‘स्विंग’ म्हणतात, त्या झुलत्या लयीचा हा एक फार मोहक प्रकार होय. गार्नरला स्वरलिपी वाचता येत नव्हती, तर मूर बाख व पॅलेस्ट्रीना यांच्या अभ्यासात मुरलेला होता. त्याने ही शैली केवळ कानाने उचलली आणि बोटांत मुरविली. सु. १९५९-६० मध्ये तो व्हिक लुइस व त्यानंतर सॅक्सोफोनवादक जॉन डँकवर्थ यांच्या वाद्यवृंदांत पियानो वाजवीत होता. डँकवर्थ व त्याची गायिका पत्नी क्लिओ लेन यांच्याशी जुळलेला त्याचा स्नेह पुढे टिकून राहिला. जॉन आर्डेनच्या सार्जंट मसग्रेव्ह्‌ज डान्स (१९५९) या नाटकाला त्याने संगीत दिले तेही याच काळात. त्याचे पुढील आयुष्य संगीतात जाणार, हे तोवर जवळजवळ निश्चित दिसत होते.

या मार्गाला वळण मिळाले ते एडिंबरो महोत्सवामुळे. महोत्सवातील अधिकृत कार्यक्रमांपेक्षा त्याच्या कडेला, म्हणजे ‘फ्रिंज’मध्ये, विद्यार्थ्यांनी केलेले विनोदी प्रयोग अधिक गर्दी खेचत. यावर तोड म्हणून महोत्सवाचे संचालक रॉबर्ट पॉन्सन्बी यांनी असा एक प्रयोग अधिकृतपणेच करावयाचे ठरविले. त्यांचा साहाय्यक जॉन बॅसेट हा ऑक्सफर्डपासून मूरला ओळखत होता. त्याने मूरचे नाव सुचविले आणि मूरबरोबर ऑक्सफर्डचा ॲलन बेनेट, तसेच केंब्रिजचे जॉनाथन मिलर व पीटर कुक अशी चौकडी जमली. २२ ऑगस्ट १९६० रोजी एडिंबरोत सुरू झालेला बियाँड द फ्रिंज हा प्रयोग मे १९६१ मध्ये लंडनच्या फॉर्च्यून थिएटरमध्ये आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेला. पंतप्रधान हॅरल्ड मॅक्मिलन, चर्चमधील प्रवचनकार, युद्धकाळातील वीरकथा, अणुयुद्धविषयक सरकारी सूचना अशा, त्या काळी आदराने पाहिल्या जाणाऱ्या विषयांची त्यात थट्टा होती. नेपथ्य व पोशाख जवळजवळ नव्हतेच. साठीच्या दशकात इंग्लंडमध्ये जी उपरोधाची लाट आली, तिचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो.

मूरचा वाटा यात वेगळ्या स्वरूपाचा होता. बाकीचे तिघे शब्दांचे धनी होते, तर मूरला राजकीय उपरोधात विशेष रस नव्हता. त्याची मुख्य कामगिरी पियानोवरील विडंबनांत होती आणि विडंबनकलेचा विचार करताना ती स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी आहे. ‘कर्नल बोगी’ ही सैनिकी कवायतीची धून १९५७ च्या द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय या चित्रपटामुळे घरोघरी शिटीवर वाजत होती. मूरने ती घेऊन तिच्यावर बेथोव्हनच्या सोनाटाच्या धर्तीची एक रचना बांधली. एकदम गडगडणारे व एकदम कुजबुजणारे स्वर, गंभीर आघातांनंतर अचानक येणाऱ्या स्तब्धता ही बेथोव्हनची सारी लक्षणे त्यात चोख उतरली आहेत. खरा विनोद समाप्तीत आहे. बेथोव्हनच्या काही रचनांत अखेरचा स्वरमेळ आला असे वाटते, तोच संगीत पुन्हा उसळी घेते. मूरच्या रचनेत ही समाप्ती संपतच नाही. प्रत्येक वेळी शेवट येतो, टाळ्यांसाठी हात वर होतात आणि वादकाच्या चेहऱ्यावर सुटकेची आशा उमटते. बोटे मात्र पुन्हा पट्ट्यांवर धावू लागतात. अखेर तो हताश मुद्रेने, जणू आपल्याच हातांचा कैदी होऊन वाजवीत राहतो. ज्याला बेथोव्हन ठाऊक नाही असा प्रेक्षकही हसतो, कारण अभिनय त्याला सारे सांगतो. ज्याला बेथोव्हन ठाऊक आहे तो दुप्पट हसतो. वादन आणि अभिनय यांत येथे फट शोधूनही सापडत नाही. ‘लिट्ल मिस मफेट’ या बालगीताचे त्याने बेंजामिन ब्रिटनच्या पद्धतीने केलेले रूपांतर आणि पीटर पिअर्सच्या तार स्वरातील गायनाची त्यात केलेली नक्कल, तसेच शूबर्टच्या गीतांचे विडंबन हीदेखील याच जातीची आहेत. अशी विडंबने प्रेमाशिवाय साधत नाहीत. मूळ रचनाकाराच्या लकबी हुबेहूब उतरविण्यासाठी त्याच्या रचना वर्षानुवर्षे वाजवाव्या लागतात.

लंडनला रात्रीचा प्रयोग संपला, की मूर सोहोमधील ग्रीक स्ट्रीटवरच्या ‘एस्टॅब्लिशमेंट’ या क्लबात जाई. हा क्लब कुकने १९६१ मध्ये काढला होता. वरच्या मजल्यावर उपरोधिक प्रहसने होत आणि तळघरात मूरची त्रयी मध्यरात्रीनंतरही वाजवीत असे. या त्रयीत मूरच्या जोडीला पीट मॅगर्क (डबल बेस) व ऑस्ट्रेलियातून आलेला क्रिस कारन (ड्रम) हे वादक होते. कारन हा तबलाही वाजवीत असे. रॉय बड्‌च्या संगीतरचनेमुळे गाजलेल्या गेट कार्टर (१९७१) या चित्रपटात त्याचाच तबला ऐकू येतो. मूरची ‘स्ट्रिक्टली फॉर द बर्ड्‌स’ ही रचना १९६१ मध्ये ध्वनिमुद्रिकेवर आली. तिचा निर्माता जॉर्ज मार्टिन होता. त्याची व बीटल्सची गाठ त्यानंतर पडावयाची होती. द अदर साइड ऑफ डडली मूर (१९६५) व जेन्यूइन डड (१९६६) या या त्रयीच्या उल्लेखनीय ध्वनिमुद्रिका होत. १९६८ मध्ये मॅगर्कने आत्महत्या केली. मूरला हा आघात फार जिव्हारी लागला. त्यानंतर जेफ क्लाइन व पुढे पीटर मॉर्गन हे बेसवादक त्याच्या साथीला आले, तरी आरंभीची जोडणी मोडली ती मोडलीच.

जॅझ वादक म्हणून मूरचे मूल्यमापन करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. तो नवी वाट पाडणारा वादक नव्हता. साठीच्या दशकात जॉन कोल्ट्रेन, बिल एव्हान्स आदी कलावंत जॅझच्या स्वररचनेची चौकटच बदलत असताना मूर आधीच्या पिढीच्या आनंदी, ठेक्यात झुलणाऱ्या शैलीत रमला होता. जॅझमध्ये परिचित गीताची स्वरमेळांची मालिका आवर्तनाप्रमाणे फिरत राहते आणि वादक तिच्यावर दर फेरीस नवी सुरावट उत्स्फूर्तपणे रचतो. या विस्तारात मूर फार दूर भटकत नाही. पण प्रत्येक आवर्तनात एखादी खोडकर जागा घेऊन समेवर हलकेच येतो. त्याच्या संथ रचनांत मात्र एक अनपेक्षित हळवेपणा आढळतो व त्यांतील स्वरमेळांवर चर्चसंगीताची छाया दिसते. त्याच्या विनोदाची ख्याती या वादनाच्या आड आली, हे नाकारता येत नाही. श्रोते त्रयी ऐकावयास येत ते पुष्कळदा हसण्याच्या तयारीने.

बीबीसीने मूरला दूरचित्रवाणीवर स्वतःचा एक कार्यक्रम देऊ केला तोही त्याच्या पियानोसह. ९ जानेवारी १९६५ रोजी सुरू झालेल्या नॉट ओन्ली... बट ऑल्सो या मालिकेच्या नावातच, केवळ मूर नव्हे तर त्याचे पाहुणेही, असा अर्थ होता. पहिल्या भागात जॉन लेनन व पीटर कुक हे पाहुणे होते. कुकबरोबरच्या प्रहसनांना इतका प्रतिसाद मिळाला, की मालिका दोघांची झाली. १९६५, १९६६ व १९७० अशा तीन वेळी ती प्रक्षेपित झाली. रेनकोट व टोपी घातलेले ‘पीट’ आणि ‘डड’ हे दोन अर्धशिक्षित गृहस्थ स्वर्गापासून चित्रकलेपर्यंत सर्व विषयांवर गंभीर चर्चा करतात, हा तिचा सर्वाधिक लोकप्रिय भाग होता. डडच्या तोंडी मूरने डॅगनमचीच बोली घातली. ऑक्सफर्डमध्ये जिची लाज वाटे, ती बोली त्याने आता अवघ्या देशाला ऐकविली.

या संवादांची रीत जॅझला जवळची होती. विषय व त्यातील टप्पे ठरलेले असत. दोघे ध्वनिफीत चालू ठेवून बोलत, त्यावरून संहिता तयार होई आणि प्रत्यक्ष प्रयोगात पुन्हा तिच्यापासून दूर जाण्याची मुभा असे. कुक ऐन वेळी एखादे अनपेक्षित वाक्य टाकून मूरला हसविण्याचा प्रयत्न करी. मूर ओठ चावून, सँडविच तोंडात कोंबून हसू आवरीत असे व बहुधा हरत असे. कुकची कल्पनाशक्ती अधिक झेपावणारी होती, हे सर्वमान्य आहे व मूरनेही ते कबूल केले आहे. पण कुकच्या या भराऱ्यांना जमीन लागे. प्रश्न केव्हा विचारावा, किती वेळ गप्प राहावे आणि कोणत्या क्षणी दाद द्यावी, हे जाणणारा साथीदार नसेल, तर भरारी वाया जाते. साथ करणाऱ्याचे मोल आपल्याकडील मैफलींच्या श्रोत्यांना सांगावे लागत नाही. या मालिकेच्या पुष्कळशा फिती बीबीसीने पुढे पुसून टाकल्या. त्या काळी चित्रफिती महाग असत आणि जुन्या कार्यक्रमांवर नवे मुद्रण करण्याची सर्रास पद्धत होती. त्यामुळे आज या जोडीच्या कार्यक्रमांचा काही अंशच पाहावयास मिळतो.

कुकने विद्यार्थिदशेत लिहिलेले ‘वन लेग टू फ्यू’ हे प्रहसन दोघे अनेक वर्षे करीत. टारझनच्या भूमिकेसाठी एकच पाय असलेला नट उमेदवार म्हणून येतो. निर्माता अत्यंत सौजन्याने त्याला त्याची उणीव समजावून सांगतो, असा त्याचा विषय. उमेदवाराची भूमिका मूर करी. एक पाय दुमडून तो सारा वेळ रंगमंचावर उड्या मारीत राही आणि आशेने उजळलेला चेहरा निर्मात्याकडे वळवून ठेवी. प्रहसन मूरसाठी लिहिलेले नव्हते आणि त्याच्या पायाची कथा बहुतेक प्रेक्षकांना ठाऊकही नव्हती. ज्यांना ती ठाऊक होती, त्यांच्या हसण्यात निराळी छटा येणे अपरिहार्य होते.

चित्रपटसृष्टीत ही जोडी द राँग बॉक्स (१९६६) पासून आली. स्टॅन्ली डॉनन दिग्दर्शित बिडॅझल्ड (१९६७) हा तिचा सर्वोत्तम चित्रपट होय. फाउस्टच्या कथेचे हे आधुनिक रूप : हॅम्बर्गरच्या उपाहारगृहात काम करणारा, प्रेमात निराश झालेला स्टॅन्ली मून (मूर) सात इच्छांच्या बदल्यात सैतानाला (कुक) आत्मा विकतो आणि प्रत्येक इच्छेतील एखाद्या राहून गेलेल्या तपशिलामुळे फसतो. चित्रपटाचे संगीतही मूरचे आहे. एका प्रसंगात मून तारांकित पॉप गायक होऊन प्रेमाची आर्त याचना करीत गातो व त्याच्यामागून सैतान कमालीच्या निर्विकारपणे गात त्याचा सारा श्रोतृवर्ग पळवितो. या दोन्ही गीतांत त्या काळच्या पॉप संगीताची नस मूरने अचूक पकडली आहे. थर्टी इज अ डेंजरस एज, सिंथिया (१९६८) या चित्रपटात तो तिशीच्या आत संगीतिका लिहून पूर्ण करण्याचा निर्धार केलेला पियानोवादक झाला. नायिका सूझी केंडल हिच्याशी त्याने त्याच वर्षी विवाह केला. तो व त्यानंतरचे तीन विवाहही घटस्फोटात संपले. इनॲडमिसिबल एव्हिडन्स (१९६८) व स्टेअरकेस (१९६९) या, त्याची भूमिका नसलेल्या चित्रपटांना त्याने संगीत दिले. असे संगीत त्याने अधिक द्यावयास हवे होते.

बिहाइंड द फ्रिज हा दोघांचा रंगमंचीय कार्यक्रम १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियात, त्यानंतर लंडनमध्ये व १९७३ पासून गुड ईव्हनिंग या नावाने अमेरिकेत झाला. त्यासाठी त्यांना १९७४ मध्ये खास टोनी पुरस्कार मिळाला. पण याच काळात जोडी आतून मोडत गेली. कुकचे मद्यपान वाढले होते. प्रयोगाची वेळ व शब्द त्याला सांभाळता येत नव्हते आणि त्याच्या थट्टेला बोचरी धार चढली होती. ‘डेरेक आणि क्लाइव्ह’ या नावाने निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका (पहिली १९७६) असभ्य भाषेसाठी गाजल्या. त्यांतील शेवटची (१९७८) ऐकताना विनोदापेक्षा दोन मित्रांतील वैरच अधिक जाणवते. मूर तोवर कॅलिफोर्नियात स्थायिक झाला होता.

हॉलीवुडमध्ये तो चाळिशी ओलांडल्यावर नायक झाला. फाउल प्ले (१९७८) मधील छोट्या भूमिकेने लक्ष वेधून घेतल्यावर ब्लेक एडवर्ड्‌सच्या टेन (१९७९) मध्ये त्याला प्रमुख भूमिका मिळाली. ती मुळात जॉर्ज सीगल या नटाकडे होती. त्याने ऐन वेळी अंग काढून घेतले. एडवर्ड्‌स व मूर यांची ओळख मानसोपचाराच्या सामूहिक बैठकांत झाली होती. चित्रपटाचा नायक बेचाळीस वर्षांचा यशस्वी गीतकार आहे; सारे काही असूनही तो अस्वस्थ आहे. रात्री जवळजवळ रिकाम्या उपाहारगृहात तो पियानोपुढे बसून वाजवितो, तो प्रसंग मूरच्या साऱ्या चित्रपटांत अविस्मरणीय ठरला आहे. त्यात विनोद नाही. नट काही करीतही नाही, फक्त वाजवितो.

स्टीव्ह गॉर्डनने लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या आर्थर (१९८१) या चित्रपटाने मूर कीर्तीच्या शिखरावर पोहोचला. मद्यात बुडालेला, बालिश, गडगंज श्रीमंत वारस आणि त्याचा करड्या जिभेचा वृद्ध सेवक (जॉन गीलगुड) यांची ही कथा. मूरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन व विनोदी अभिनयाबद्दल गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. गीलगुडला साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर लाभले. मद्यप्याची भूमिका विनोदी नटाला सोपी वाटते व तेथेच तो फसतो. मूरने आर्थरचे तोल जाणे, वाक्य अर्ध्यावर सोडणे आणि स्वतःच्याच विनोदावर खिदळणे हे सारे लयीत बांधले. शब्द नेमक्या मात्रेवर न येता किंचित मागे येतो आणि तरी चुकत नाही. गार्नरकडून उचललेली ही युक्ती येथे वाणीत उतरली आहे. मुंबईत निर्माण झालेल्या शराबी (१९८४) या हिंदी चित्रपटातील मद्यपी वारस व त्याचा वडीलधारा सांभाळकर्ता यांच्याशी आर्थरच्या कथेचे साम्य आढळते. मिकी अँड मॉड (१९८४) या चित्रपटासाठी मूरला दुसरा गोल्डन ग्लोब मिळाला. अनफेथफुली युअर्स (१९८४) मध्ये तो वाद्यवृंदसंचालक झाला आणि सिक्स वीक्स (१९८२) चे संगीत त्याने स्वतः रचले. त्यानंतरचे चित्रपट एकामागून एक अयशस्वी झाले. मिळेल ती भूमिका स्वीकारण्याची चूक त्याने केली.

संगीताकडे तो पुन्हा वळला, हे त्याच्या उत्तरायुष्यातील समाधान होते. लॉस अँजेल्सजवळच्या व्हेनिस येथे १९८३ मध्ये मित्रांसह काढलेल्या ‘७२ मार्केट स्ट्रीट’ या उपाहारगृहात तो अनेक रात्री पियानो वाजवीत बसे. बेथोव्हनचा व्हायोलिन, चेलो व पियानो यांसाठीचा कॉन्चेर्तो, गर्श्विनची ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू अशा रचना त्याने मोठ्या वाद्यवृंदांसह सादर केल्या. गेऑर्ग शोल्टी या श्रेष्ठ वाद्यवृंदसंचालकाबरोबर ऑर्केस्ट्रा! (१९९१) आणि मायकेल टिल्सन टॉमसबरोबर कॉन्चेर्तो! (१९९३) या मालिका त्याने दूरचित्रवाणीसाठी केल्या. वाद्यवृंदाची घडण, त्यातील वाद्यसमूहांचे परस्परसंबंध व एकलवादकाचे स्थान ही अवघड वाटणारी माहिती त्यांतून सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचली. शोल्टीपुढे मूर कधी प्रश्न विचारणारा जिज्ञासू असतो, तर कधी पियानोवर बसून मुद्दा वाजवून दाखवितो. साठीच्या दशकातील ‘डड’ येथे सुशिक्षित होऊन परतला आहे, असे कोणाला वाटल्यास नवल नाही.

९ जानेवारी १९९५ रोजी कुकचे निधन झाले. दोघांच्या मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला त्यास त्या दिवशी बरोबर तीस वर्षे झाली होती. त्याच वर्षी मे महिन्यात हॅम्पस्टेडच्या चर्चमध्ये झालेल्या स्मृतिसभेत मूरने मालिकेचे निरोपगीत म्हटले. त्याच सुमारास त्याला संवाद आठवेनासे झाले व एका चित्रपटातील भूमिका त्यामुळे त्याच्या हातून गेली. त्याची अडखळती जीभ व तोल जाणारी चाल पाहून तो मद्य प्यायला आहे, अशी कुजबुज सुरू झाली. आर्थरच्या भूमिकेने लोकांच्या मनात ठसविलेली प्रतिमा अशा रीतीने त्याच्यावरच उलटली. बोटेही ऐकेनाशी झाली आणि पियानोवरील परिचित जागा निसटू लागल्या. सप्टेंबर १९९९ मध्ये त्याने आपल्याला ‘प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पॉल्झी’ हा आजार असल्याचे जाहीर केले. या दुर्मिळ विकारात टाउ नावाचे प्रथिन मेंदूच्या खोलवरच्या भागांतील पेशींत साचून त्या नष्ट होत जातात. तोल सुटतो, नजर वरखाली वळेनाशी होते, वाचा व गिळण्याची क्रिया मंदावते. बुद्धी मात्र पुष्कळ काळ जागी राहू शकते. आजार थोपविणारा उपाय नाही. आपला मेंदू संगीत ऐकतो पण हात ते वाजवू शकत नाहीत, अशा आशयाची वेदना त्याने या काळातील मुलाखतींत बोलून दाखविली.

शेवटची वर्षे त्याने न्यू जर्सी राज्यातील प्लेनफील्ड येथे, पियानोवादक मैत्रीण रेना फ्रुक्टर व तिच्या कुटुंबाच्या शेजारी काढली. वृद्धाश्रम, रुग्णालये आदी संस्थांत जाऊन संगीत ऐकविणाऱ्या ‘म्यूझिक फॉर ऑल सीझन्स’ या संस्थेच्या कार्याशी तो निगडित होता. २००१ मध्ये त्याला ‘सीबीई’ हा ब्रिटिश सन्मान जाहीर झाला. नोव्हेंबरमध्ये तो स्वीकारण्यासाठी तो चाकाच्या खुर्चीतून बकिंगहॅम राजवाड्यात गेला. तेव्हा त्याला बोलता येत नव्हते. २७ मार्च २००२ रोजी प्लेनफील्ड येथे न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. जवळच्याच स्कॉच प्लेन्स येथील हिलसाइड दफनभूमीत त्याचे दफन करण्यात आले.